पेवाभोवतीची माती आणि कंटेनरखालचे लिनक्स

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या सांगली आवृत्तीत जिल्ह्यातील अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्र महाविद्यालयांतील कार्यशाळांच्या बातम्या नियमितपणे येतात आणि त्यांपैकी बऱ्याच कार्यशाळा आता कंटेनर तंत्रज्ञानाच्या, म्हणजे सॉफ्टवेअर बंदिस्त कप्प्यात बांधून चालवण्याच्या पद्धतीच्या, असतात. या बातम्यांत एक वाक्य हमखास वाचायला मिळते. कंटेनरमध्ये सॉफ्टवेअरला लागणारे सर्व काही बांधलेले असते, त्यामुळे ते कोणत्याही संगणकावर जसेच्या तसे चालते, असे ते वाक्य. ते अर्धे खरे आहे. गेली बारा वर्षे मी एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील लिनक्स ही संचालन प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) असलेल्या यंत्रांची देखभाल करतो आणि त्या वाक्यातून सुटलेल्या अर्ध्या भागाशी माझी रोज गाठ पडते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे. परंतु विषय दोन परिच्छेदांत मावणारा नाही.

सांगलीकरांना पटकन समजेल असे उदाहरण हरिपूरच्या पेवांचे आहे. कृष्णा-वारणेच्या संगमावरील या गावात जमिनीखाली खणलेल्या पेवांमध्ये हळद साठवण्याची मोठी परंपरा आहे. तोंड बंद केले की आतल्या हळदीला कीड लागत नाही आणि ती वर्षानुवर्षे टिकते. बाहेरून पाहणाऱ्याला पेव म्हणजे स्वतःपुरते बंद असलेले भांडे वाटते. प्रत्यक्षात त्याला वेगळी भिंत नसतेच, भोवतालची माती हीच त्याची भिंत असते. त्या मातीच्या गुणामुळे पेवे हरिपुरात टिकली आणि २००५ च्या महापुरात पाणी त्याच जमिनीवर चढले तेव्हा तोंडे बंद असूनही अनेक पेवांतील हळद वाचली नाही. कंटेनरलाही स्वतःची भिंत नसते. त्याच्या आतली फाइल-रचना आपण बांधून आणलेली असते हे खरे, परंतु त्याला बाकीच्या यंत्रापासून वेगळे ठेवण्याचे सगळे काम यजमान लिनक्सचा, म्हणजे ज्या यंत्रावर कंटेनर चालतो तिथल्या लिनक्सचा, कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि त्या लिनक्सवर बसवलेली डझनभर लहान साधने करीत असतात. ती साधने कोणती, ती कोणी बसवायची आणि त्यांच्यातील एखादे नसेल तर काय होते, हा पॅकेजिंगचा, म्हणजे सॉफ्टवेअर बसवण्याजोग्या गठ्ठ्यांत (पॅकेजांत) बांधून देण्याचा, विषय आहे. आपल्याकडील कार्यशाळांत नेमका तोच वगळला जातो.

कंटेनर चालवणारे डॉकर हे प्रसिद्ध सॉफ्टवेअर मार्च २०१३ मध्ये लोकांसमोर आले, पण त्याला लागणारी जमीन त्याआधी दहा-अकरा वर्षे तयार होत होती. एखाद्या प्रक्रियेला फाइलींचे वेगळे जग दाखवणारी माउंट नेमस्पेसची सोय लिनक्स कर्नलमध्ये २००२ साली आली. कोणत्या प्रक्रियांच्या गटाने किती मेमरी आणि किती प्रोसेसर वापरावा यावर मर्यादा घालणारी सी-ग्रुप यंत्रणा गूगलच्या अभियंत्यांनी २००६ मध्ये सुरू केली आणि ती जानेवारी २००८ मधील २.६.२४ या कर्नलमध्ये दाखल झाली. सामान्य वापरकर्त्याला कंटेनरच्या आत सर्वाधिकारी रूट म्हणून वावरता यावे आणि बाहेर मात्र तो सामान्यच राहावा, अशी तजवीज करणारी युजर नेमस्पेस फेब्रुवारी २०१३ मधील ३.८ कर्नलपर्यंत पूर्णत्वाला आली. या तिन्ही गोष्टी कर्नलमध्ये आहेत. त्यांना हाक मारून त्यांच्याकडून काम करवून घेणारे सॉफ्टवेअर मात्र कर्नलच्या बाहेर असते आणि ते डेबियन, उबुंटू किंवा फेडोरा यांसारख्या वितरणांना, म्हणजे लिनक्सच्या तयार संचांना, पॅकेजच्या रूपाने वापरकर्त्यापर्यंत पोहोचवावे लागते.

आमच्या प्रयोगशाळेतील यंत्रांवर डेबियन १२ आहे आणि विद्यार्थ्यांसाठी आम्ही पॉडमन हे डॉकरसारखेच सॉफ्टवेअर वापरतो, कारण त्याला सतत रूटच्या अधिकाराने चालणारी पार्श्वसेवा लागत नाही. पॉडमन हे एकच नाव दिसत असले तरी प्रत्यक्ष कंटेनर उभा करण्याचे काम सी-रन किंवा रनसी करते, उभ्या राहिलेल्या कंटेनरवर नजर ठेवून त्याचे आउटपुट सांभाळण्याचे काम कॉनमॉन करते आणि जाळ्याची जोडणी करणारी साधने पुन्हा वेगळी असतात. पॉडमन आणि रनसी गो भाषेत लिहिलेले आहेत, सी-रन आणि कॉनमॉन सी भाषेत, तर जाळ्याचे नेटाव्हार्क हे साधन रस्ट भाषेत आहे. निरनिराळ्या चमूंनी, निरनिराळ्या भाषांत, आपापल्या वेळापत्रकाने तयार केलेल्या या वस्तूंपैकी कोणत्या आवृत्त्या एकमेकींशी नीट जुळतात हे कोणीतरी बसून तपासलेले असते, म्हणून आपण एक आज्ञा देतो आणि सगळे जागच्या जागी बसते.

डेबियनच्या पॅकेजमध्ये डिपेंडन्सींच्या, म्हणजे इतर पॅकेजांशी असलेल्या नात्यांच्या, श्रेणी असतात. ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर चालणारच नाही ते ‘डिपेंड्स’मध्ये लिहितात, जे बहुतेक सर्वांना लागेल पण एखाद्याला नको असू शकेल ते ‘रेकमेंड्स’मध्ये, जे असल्यास सोयीचे ते ‘सजेस्ट्स’मध्ये आणि ज्याच्याशी एकत्र नांदणे शक्य नाही ते ‘कॉन्फ्लिक्ट्स’मध्ये. एखादे नाव यांपैकी कोणत्या रकान्यात जावे हा वरवर कारकुनी वाटणारा निर्णय आहे. तो किती जबाबदारीचा असतो हे मला आमच्याच यंत्रांवर कळले. डिस्कवरची जागा वाचावी म्हणून एका वर्षी यंत्रे तयार करताना शिफारस केलेली पॅकेजे वगळण्याचा पर्याय वापरला गेला होता. पॉडमन बसले, त्याची आवृत्ती दिसू लागली, मी रूट म्हणून चालवून पाहिले तेव्हा कंटेनरही उभा राहिला. दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिकाच्या तासाला एकाही विद्यार्थ्याला तो उभा करता आला नाही. ‘न्यूयूआयडीमॅप’ हा प्रोग्राम सापडत नाही, एवढाच संदेश प्रत्येकाच्या पडद्यावर होता.

हा लहानसा प्रोग्राम पॉडमनचा नाही. लिनक्सवरील खाती आणि पासवर्ड सांभाळणाऱ्या शॅडो या जुन्या प्रकल्पाचा तो भाग असून डेबियनमध्ये तो ‘यूआयडीमॅप’ नावाच्या वेगळ्या पॅकेजमध्ये मिळतो. वापरकर्त्याला कंटेनरच्या आत वापरण्यासाठी जी दुय्यम ओळख-क्रमांकांची मालिका दिलेली असते ती कर्नलकडे नोंदवणे, हे त्याचे काम. असे काम करायला क्षणभर रूटचा अधिकार लागतो आणि अधिकार असलेला प्रोग्राम ज्याला नको त्याच्या यंत्रावर नसावा हे रास्त आहे. रूट म्हणून पॉडमन चालवणाऱ्याला त्याची गरज पडत नाही, म्हणून तो शिफारशीच्या रकान्यात असणे मला योग्य वाटते. चूक रकाना ठरवणाऱ्याची नव्हती. तो रकाना न वाचता वगळणाऱ्या आमची होती.

पॅकेज बसवल्यावरही काम संपले नाही आणि हा भाग मला अधिक शिकवून गेला. संगणकावर नवीन खाते उघडताना त्या खात्याच्या नावे साधारणपणे ६५,५३६ दुय्यम क्रमांक ‘सबयूआयडी’ नावाच्या फाइलमध्ये नोंदले जातात. आमचे विद्यार्थी मात्र मध्यवर्ती सर्व्हरवरील खात्यांनी लॉगइन करतात, प्रत्येक यंत्रावर त्यांची खाती उघडलेलीच नसतात आणि त्यामुळे त्या फाइलमध्ये त्यांच्या नावाची ओळही नसते. हे कोणतेही पॅकेज आपणहून ओळखू शकत नाही. शेवटी सर्व विद्यार्थ्यांच्या नोंदी एकमेकींवर चढणार नाहीत अशा रीतीने तयार करून त्या सर्व यंत्रांवर पाठवाव्या लागल्या. तोवर काही विद्यार्थ्यांनी आपापल्या परीने मार्ग काढला होता. प्रत्येक आज्ञेच्या आधी ‘सुडो’ लावायचा आणि सगळे रूट म्हणून चालवायचे. प्रात्यक्षिक पूर्ण झाले, गुण मिळाले आणि ज्या सुरक्षिततेसाठी पॉडमन निवडले तीच बाजूला राहिली. हीच मुले उद्या एखाद्या बँकेत किंवा रुग्णालयात सर्व्हर सांभाळणार आहेत, म्हणून मला याची काळजी वाटते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर गावभागातील एका संस्थेच्या तळमजल्यावरील संगणक कक्ष पुन्हा उभा करण्यासाठी आम्ही काहीजण मदतीला गेलो होतो. डिस्क गेल्या होत्या, परंतु प्रत्येक यंत्रावर कोणती पॅकेजे बसवली होती त्याच्या याद्या तिथल्या एका दक्ष शिक्षकाने दुसऱ्या मजल्यावरील एका यंत्रावर नियमितपणे काढून ठेवल्या होत्या. डेबियनमध्ये अशी यादी एका आज्ञेत निघते आणि तीच यादी नव्या डिस्कवर परत दिली की यंत्र पूर्वीसारखे होते. बहुतेक यंत्रे तशी दोन दिवसांत उभी राहिली. अडून बसली ती तीन यंत्रे, ज्यांच्यावर कंटेनरचे काम चालत असे. त्यांच्यावरील डॉकर-कंपोज हा अनेक कंटेनर एकत्र चालवणारा प्रोग्राम संकेतस्थळावरून थेट उतरवून हाताने ठेवलेला होता, काही गोष्टी पायथॉनच्या साधनाने बसवल्या होत्या आणि यांपैकी कशाचीही नोंद पॅकेजच्या यादीत नव्हती. कोणती आवृत्ती होती, तिच्यासोबत आणखी काय लागत होते, हे सांगू शकणारा विद्यार्थी उत्तीर्ण होऊन पुण्याला गेला होता. हाताने बसवलेल्या सॉफ्टवेअरला पत्ता नसतो, हे मी पूर्वीही ऐकले होते. त्या आठवड्यात ते डोळ्यांनी पाहिले.

ते सॉफ्टवेअर वाईट होते असे मी म्हणत नाही. त्या काळी डॉकर-कंपोज बसवण्याची हीच प्रचलित पद्धत होती. डॉकर कंपनी स्वतःचे पॅकेज-भांडारही चालवते, त्यातील पॅकेजे सहीनिशी येतात, वितरणातील आवृत्तीपेक्षा ती सहसा नवी असतात आणि ज्याला नवी आवृत्ती खरोखर हवी आहे त्याने ते भांडार जोडण्यात काही गैर नाही. परंतु दोन्ही मार्ग एकाच यंत्रावर मिसळले की गोंधळ होतो, कारण डॉकरच्या खाली कंटेनर सांभाळणाऱ्या कंटेनर-डी या सेवेचे कंपनीचे ‘कंटेनर-डी-डॉट-आयओ’ हे पॅकेज रनसीसुद्धा आपल्या पोटात घेऊन येते, तर डेबियनमध्ये कंटेनर-डी आणि रनसी ही दोन स्वतंत्र पॅकेजे आहेत. एक बसवताना दुसरे काढले जाते आणि ते काढले जाणार असल्याची सूचना पडद्यावर आलेली असूनही घाईत ‘होय’ म्हटले जाते. कंपनीच्या स्वतःच्या सूचनांमध्येही आधी वितरणातील पॅकेजे काढून टाकण्यास सांगितले आहे आणि एका ओळीत सगळे बसवून देणारी स्क्रिप्ट प्रत्यक्ष कामकाजाच्या सर्व्हरवर वापरू नये असेही तिथेच लिहिले आहे. आपल्याकडच्या कार्यशाळांत मात्र पहिल्या दहा मिनिटांत नेमकी तीच ओळ फळ्यावर लिहिली जाते.

डॉकरचे डेबियनमधील नाव ‘डॉकर-डॉट-आयओ’ असे का आहे, हा प्रश्न मला दरवर्षी कोणीतरी विचारतो. डेबियनमध्ये ‘डॉकर’ नावाचे एक पॅकेज आधीपासून होते. पडद्याच्या कडेला लहान चिन्हे मांडून ठेवणारे ते एक छोटे साधन होते. आधी आलेल्याचे नाव काढून नंतर आलेल्या प्रसिद्धाला द्यायचे नाही, म्हणून नव्या सॉफ्टवेअरला वेगळे नाव मिळाले. मला हा न्याय आवडतो. पुढे डेबियन ९ मध्ये डॉकरचे पॅकेज नव्हतेच आणि जुलै २०१९ मध्ये आलेल्या डेबियन १० मध्ये ते मिळू लागले. वितरणात एखादे पॅकेज असणे ही आपोआप घडणारी गोष्ट नाही, त्यामागे कोणाचे तरी दर आवृत्तीचे कष्ट असतात, एवढे यावरून दिसावे.

त्या कष्टांचे स्वरूप सांगायचे तर गो भाषेपासून सुरुवात करावी लागेल. जुन्या पद्धतीच्या सी प्रोग्राममध्ये अनेक प्रोग्राम मिळून एकच सामायिक लायब्ररी (तयार कोडचा संग्रह) वापरतात. तीत दोष सापडला तर ती एक बदलली की सगळे सुधारतात. गो भाषेत लायब्रऱ्या सहसा प्रोग्रामच्या आतच शिवल्या जातात आणि मूळ प्रकल्प अनेकदा त्या सर्व लायब्रऱ्यांच्या प्रती आपल्याच स्रोतात घेऊन येतात. वापरणाऱ्याला हे सोयीचे वाटते. परंतु अशा एखाद्या लायब्ररीत सुरक्षेचा दोष सापडला, तर तिची प्रत ज्यांच्या ज्यांच्या पोटात आहे ते सगळे प्रोग्राम शोधून पुन्हा बांधावे लागतात. म्हणून डेबियनमध्ये शक्य तिथे प्रत्येक लायब्ररीचे वेगळे पॅकेज करतात आणि कोणता प्रोग्राम कोणत्या लायब्ररीच्या कोणत्या आवृत्तीपासून बांधला याची नोंद पॅकेजमध्येच ठेवतात; फेडोरामध्ये आत आणलेल्या प्रतींची नावे पॅकेजवर उघडपणे लिहिण्याची पद्धत आहे. या कामाला मर्यादाही आहेत. अनेक यंत्रांवरील कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीससारख्या अवाढव्य प्रकल्पात आतल्या प्रती तशाच ठेवाव्यात की नाही, हा वाद २०२० मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीपुढे गेला आणि समितीने पॅकेज सांभाळणाऱ्याचा प्रती ठेवण्याचा निर्णय बदलला नाही. माझे मन वेगळ्या पॅकेजांच्या बाजूला झुकते, पण शेकडो लायब्रऱ्या स्वतःच्या फावल्या वेळात सांभाळणाऱ्या माणसाला बाहेरून उपदेश करण्याचा अधिकार मला वाटत नाही.

जानेवारी २०२४ च्या अखेरीस रनसीमध्ये एक गंभीर दोष जाहीर झाला. कंटेनरच्या आतून यजमान यंत्राच्या फाइलींपर्यंत पोहोचता येईल अशी फट त्यात राहिली होती. मूळ प्रकल्पाने दुरुस्ती १.१.१२ या आवृत्तीत दिली. डेबियन १२ मध्ये रनसीची १.१.५ ही आवृत्ती आहे आणि डेबियनने ती आवृत्ती न बदलता फक्त दुरुस्तीचा भाग तिच्यात बसवून सुरक्षा-अद्यतन दिले, जेणेकरून चालू असलेल्या व्यवस्थेत दुसरे काही हलू नये. जिल्ह्यातील एका संस्थेत यावरून झालेला वाद मला माहीत आहे. तपासणीसाठी आलेल्या व्यक्तीने १.१.५ हा आकडा पाहून यंत्र असुरक्षित असल्याचा शेरा मारला आणि तो शेरा पुसण्यासाठी तिथल्या कर्मचाऱ्याने वितरणाचे पॅकेज काढून कुठून तरी आणलेली नवी फाइल हाताने ठेवली. त्या दिवसापुरता आकडा मोठा झाला, परंतु पुढची दुरुस्ती आता त्या यंत्रावर आपोआप येणार नाही. आवृत्तीच्या आकड्यापुढे डेबियनने जोडलेले जे शेपूट असते ते वाचायला दोन मिनिटे लागली असती. हे वाचन शिकवायला हवे.

कर्नल आणि वितरण यांचा वेग जुळला नाही तर काय होते, याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण सी-ग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीचे आहे. मार्च २०१६ मधील ४.५ या कर्नलमध्ये ती अधिकृत झाली. पहिल्या आवृत्तीत मेमरीसाठी एक उतरंड, प्रोसेसरसाठी दुसरी, अशा वेगवेगळ्या उतरंडी होत्या. दुसऱ्या आवृत्तीत त्या एकत्र आल्या. फेडोराने ऑक्टोबर २०१९ मधील ३१ व्या आवृत्तीत हीच पद्धत मूळ पद्धत म्हणून स्वीकारली. डॉकरला तिचा आधार आला तो डिसेंबर २०२० मधील २०.१० या आवृत्तीत. मधल्या चौदा महिन्यांत फेडोरावर डॉकर चालवायचे तर यंत्र सुरू होतानाच कर्नलला जुनी पद्धत वापरण्याची सूचना द्यावी लागे. सी-रन वापरणाऱ्या पॉडमनला ती अडचण नव्हती. त्या काळात एका विद्यार्थ्याने हौसेने नवे फेडोरा बसवले आणि दोन रात्री जागून त्याने आपल्या कंटेनरच्या इमेजमध्ये, म्हणजे कंटेनर ज्यापासून उभा राहतो त्या बांधून आणलेल्या साच्यात, दोष शोधला. दोष इमेजमध्ये नव्हताच, तो पायाखालच्या जमिनीत होता, आणि तिथे पाहायचे असते हे त्याला आमच्यापैकी कोणी शिकवले नव्हते. ती चूक मी माझीही मानतो.

एका पतसंस्थेचा अनुभव थोडक्यात सांगतो. मुख्य कार्यालयातील सर्व्हरवर अहवाल तयार करणाऱ्या एका सॉफ्टवेअरसाठी डॉकर बसवले गेले आणि त्याच क्षणी तासगावच्या शाखेशी सर्व्हरचा संपर्क तुटला. डॉकर स्वतःच्या जाळ्यासाठी सामान्यतः १७२.१७ ने सुरू होणारे पत्ते घेते आणि शाखेचे अंतर्गत पत्तेही त्याच मालिकेतले होते. असे पत्ते आधीच वापरात आहेत का हे डॉकर पाहते, परंतु ते फक्त त्या यंत्राच्या स्वतःच्या मार्गनोंदीत पाहते. शाखेकडचा मार्ग केवळ राउटरला ठाऊक होता. डेबियनच्या रिवाजाप्रमाणे पॅकेज बसताच त्याची सेवाही सुरू होते, त्यामुळे पत्त्यांची मालिका बदलण्याची संधी मिळण्याआधीच हे घडले. फेडोरामध्ये सेवा सहसा आपण सुरू केल्यावरच सुरू होते. दोन्ही रिवाजांच्या बाजूने बोलण्यासारखे आहे. पण आपण वापरतो त्या वितरणाचा रिवाज कोणता हे बसवणाऱ्याला ठाऊक असलेच पाहिजे. सेटिंगच्या फाइलमध्ये पत्त्यांची दुसरी मालिका आधीच लिहून ठेवली असती, तर तासगावच्या खातेदारांना दुपारपर्यंत रांगेत थांबावे लागले नसते.

नोव्हेंबर २०२० मध्ये इमेज पुरवणाऱ्या डॉकर हब या संकेतस्थळाने खाते नसलेल्यांसाठी एका इंटरनेट पत्त्यावरून सहा तासांत १०० वेळा इमेज उतरवण्याची मर्यादा घातली. आमची साठ मुले बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यावरून दिसतात. पॅकेजच्या कोणत्याही रकान्यात न लिहिलेली अशीही एक डिपेंडन्सी असते. डेबियनमध्ये ‘डॉकर-रजिस्ट्री’ नावाचे पॅकेज आहे. ते एका यंत्रावर बसवून इमेजच्या प्रती महाविद्यालयातच ठेवल्यापासून आमचा तो प्रश्न सुटला.

आता माझी विनंती. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असलेल्या आणि स्वायत्त अशा दोन्ही प्रकारच्या महाविद्यालयांनी कंटेनरच्या प्रात्यक्षिकात एक तास पॅकेजसाठी राखून ठेवावा. पॉडमन किंवा डॉकरच्या पॅकेजची माहिती पडद्यावर काढून त्यातील प्रत्येक डिपेंडन्सी कशासाठी आहे हे विद्यार्थ्यांना शोधायला लावावे, एखादी मुद्दाम काढून टाकून काय मोडते ते पाहायला लावावे आणि मोडलेले ‘सुडो’ न वापरता दुरुस्त करायला लावावे. ज्यांना पुढे जायचे आहे त्यांना पॅकेज स्रोतापासून बांधायला शिकवावे. डेबियनमध्ये पॅकेज बांधताना इंटरनेटवरून काहीही ओढून आणायला मनाई आहे; लागेल ते सर्व भांडारातच असले पाहिजे. हा नियम एकदा हाताने पाळून पाहिला की ‘सर्व काही आत बांधलेले आहे’ या वाक्याचा अर्थ पुन्हा कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

या कामात सांगलीच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष हातभारही लावता येईल. डेबियनमधील पॅकेजांच्या स्वयंचलित चाचण्या मुख्यतः कंटेनरच्या आत चालवल्या जातात आणि कंटेनर उभे करणाऱ्या सॉफ्टवेअरचीच पूर्ण चाचणी कंटेनरच्या आत घेणे अवघड असते. त्यासाठी खरे किंवा आभासी असे संपूर्ण यंत्र लागते. आपल्या महाविद्यालयांत अशी यंत्रे संध्याकाळनंतर बंद पडून असतात. मध्यवर्ती खाती, एकच बाहेरचा पत्ता, अधूनमधून जाणारी वीज, ही आपली परिस्थिती पॅकेज तयार करणाऱ्याच्या टेबलावर बहुधा नसते, म्हणून तिथे न दिसलेले दोष आपल्याकडे दिसतात. त्यांची नोंद साध्या ई-मेलने करता येते. डेबियनमध्ये झालेली दुरुस्ती पुढे उबुंटूपर्यंत आणि सी-डॅकने डेबियनवर उभारलेल्या बॉस या भारतीय प्रणालीपर्यंतही जाऊ शकते. आमच्या विद्यार्थ्यांनी सबयूआयडीच्या अडचणीवर एक टिपण तयार केले आहे, कोणत्या क्रमाने काय तपासावे हे त्यात मराठीत लिहिले आहे. इतर महाविद्यालयांतील माझ्यासारख्या कर्मचाऱ्यांना ते हवे असल्यास आनंदाने देऊ.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत अशा कामाला स्थान मिळावे, एवढीच आणखी एक मागणी आहे. गेल्या वर्षी आमच्या एका विद्यार्थिनीने कंटेनरच्या एका साधनाचे पॅकेज नव्या आवृत्तीसाठी बांधून, त्याच्या डिपेंडन्सी तपासून, त्यातील एक चुकीची नोंद कळवून प्रकल्प सादर केला. यात नवीन काय बनवले, असे तिला विचारले गेले आणि तिला दुसरा विषय घ्यावा लागला. येत्या सत्रासाठी प्रकल्पांचे विषय ठरवण्याच्या बैठका आता सुरू होतील. त्या बैठकांना बसणाऱ्या प्राध्यापकांच्या वाचनात हे पत्र यावे, या हेतूने ते आपल्याकडे पाठवीत आहे.

आपला नियमित वाचक,
एका महाविद्यालयातील प्रयोगशाळा साहाय्यक,
विश्रामबाग, सांगली